सोळा पानांची वही

बाइंडर आवाज न करता कागदाची घडी घालायला शिकला तो वयाच्या बासष्टाव्या वर्षी, आणि तेही पाचवीच्या वर्गात बसून.

त्याआधी एक्केचाळीस वर्षं त्याने एकच काम केलं होतं. छापखान्यातून छापील कागदांचे गठ्ठे यायचे. त्यांच्या घड्या घालायच्या, त्या क्रमाने लावायच्या, दाभणाने भोकं पाडून दोरा ओवायचा, पाठीला खळ लावायची आणि पुठ्ठा चढवायचा. आख्खी गल्ली त्याला बाइंडर म्हणायची. त्याचं खरं नाव दारावरच्या पाटीपुरतं उरलं होतं, आणि तिथेही दोन अक्षरं उडाली होती. शाळा सहावीतच सुटली. हजारो पुस्तकं हाताखालून गेली, पण त्यांच्या आत काय आहे हे बघायला त्याला कधी सवड झाली नव्हती. शिवायची घाई असायची, आणि शिवून झालं की ते दुसऱ्याच्या घरी जायचं.

नात दहा वर्षांची. तिच्या खुब्याचं हाड जन्मापासून नीट बसलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आता करून टाकू, वय वाढलं की अवघड जाईल. दोन ऑपरेशनं, मध्ये प्लास्टर, म्हणजे जवळजवळ अख्खं वर्ष अंथरुणात. नातीची आई, म्हणजे बाइंडरची लेक, बसडेपोत टाइमकीपर होती. पहाटे जायची, दुपार कलली की यायची. दोघी बाइंडरच्याच घरी राहायच्या. शाळेने अशा मुलांसाठी ऑनलाइन वर्ग काढला होता, पण दिवसभर पोरीजवळ बसणार कोण? बाइंडरने छापखान्याच्या मालकाला निरोप धाडला, की यापुढे गठ्ठे घरी पाठवा, मी घरूनच काम करीन. हे त्याने कोणाला विचारलं नाही, लेकीलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी हातगाडीवाला गठ्ठे घेऊन दारात उभा राहिला तेव्हा तिला कळलं.

‘‘बाबा, तुम्हाला फोन तरी लावता येतो का?’’ लेक म्हणाली.

‘‘येईल. तुला चालायला शिकवलं तेव्हा मला कुठे शिकवता येत होतं?’’

मग त्याने आपल्या परीने शाळा उभी केली. जाड पुठ्ठ्याचं, कापड चढवलेलं एक स्टँड केलं. त्यात फोन हवा तसा कलता व्हायचा. पलंगावर आडवं ठेवायला उतरतं मेज केलं. त्याच्या कडा गोल घासल्या, पोरीच्या हाताला टोचायला नकोत म्हणून. वह्या बाजारच्या आणल्या नाहीत. चार मोठे पांढरे कागद घ्यायचे, प्रत्येकाची मधोमध एक घडी, एकात एक ठेवायचे आणि मधल्या घडीवर तीन टाके घालायचे, की झाली सोळा पानांची वही. दर आठवड्याला नवी. आठवड्याचं गणित बरोबर तेवढ्या पानांत बसायचं. पोर झोपून लिहायची, तिला जाड वहीचं ओझं पोटावर नको.

पहिल्या दिवशी वर्ग सुरू झाला आणि बाइंडर पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून बघतच राहिला. चार बोटांच्या त्या काचेत तीसेक मुलं मावली होती. कोणी उशीला टेकलेलं, कोणाच्या हाताला सलाइनची पट्टी, कोणाच्या मागून आई वाकून बघतेय. आणि मध्ये गणिताच्या बाई, अगदी तरुण, सारख्या विचारणाऱ्या, ‘‘आवाज येतोय का सगळ्यांना?’’

आवाज येत होता. जरा जास्तच येत होता. ‘‘कोणाकडे तरी खूप कागद वाजतायत,’’ बाई म्हणाल्या. नातीने डोळ्यांच्या कोपऱ्यातून आजोबाकडे पाहिलं. बाइंडरने हातातली घडी जागच्या जागी सोडली. त्याच्या कारागिरीबद्दल आजवर कोणी तक्रार केली नव्हती, आणि इथे पाचवीच्या बाईंनी पहिल्याच तासाला हटकलं. तेव्हापासून तो कागद मांडीवरच्या सतरंजीवर धरून, घडी चेपायची हाडाची पट्टी न ओढता नुसता अंगठा दाबत काम करू लागला. वेग निम्म्यावर आला, पण आवाज गेला.

आणि हात हळू झाले तसे कान उघडले. विज्ञानाच्या तासाला कळलं, की माणसाचं हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा ठोका देतं. बाइंडरचा अंगठा घडीवरच थांबला. त्याने छातीवर हात ठेवला. एक लाख! आणि हे बासष्ट वर्षं, न सांगता, न थकता. त्याला वाटलं, हे आपल्याला आजवर कोणी कसं सांगितलं नाही? त्या दिवशी भाजीवाल्यापासून शेजारच्या म्हातारीपर्यंत प्रत्येकाला त्याने ही बातमी दिली. म्हातारी म्हणाली, ‘‘माझं पन्नास हजारच देत असेल हो.’’

‘‘तुम्ही शाळेत कसे होतात, आबा?’’ नातीने एकदा विचारलं.

‘‘खिडकीजवळ होतो,’’ तो म्हणाला.

पोर हुशार होती. निदान बाइंडरला तरी तसं वाटायचं. अपूर्णांक आले की ती जिभेचं टोक बाहेर काढून, उताण्या उताण्या लिहीत जायची. एकेका उदाहरणाला दोन-दोन पानं, रीत सगळी पायरी पायरीने. तिला एकच ध्यास होता. पहिलीपासून जिच्या शेजारी बसली त्या मैत्रिणीने फोनवर निरोप पाठवला होता, ‘‘तुझी जागा मी कोणाला देत नाही. तिथे माझं दप्तर ठेवते.’’ तो निरोप ती दिवसातून दोनदा ऐकायची. वर्ष संपायच्या आधी शाळा प्रत्येक मुलाची पडताळणी घेणार होती. ठीक निघालं तर पुढच्या वर्षी आपल्या वर्गात परत. नाही तर एक वर्ष मागे, आणि दप्तर ठेवून राखलेली ती जागा कायमची गेली.

दर शुक्रवारी वहीचे फोटो काढून शाळेला पाठवायचे असत. हे काम बाइंडरचं. पहिल्या महिन्यात त्याने वही उघडी धरून पान उलटत फोटो काढले. बाईंचा निरोप आला: फोटो अंधारे आणि वाकडे आहेत, घडीजवळची अक्षरं दिसत नाहीत, पान सपाट ठेवून फोटो काढा.

सपाट! कागद सपाट करण्यात ज्याची उमर गेली त्याला हे सांगावं लागावं, हे त्याच्या जिव्हारी लागलं. पुढच्या शुक्रवारी त्याने वहीचे तिन्ही टाके उसवले, चारही कागद मोकळे केले, घडीवरून पट्टी फिरवली आणि बाहेरच्या खोलीत खिडकीखालच्या मेजावर एकेक कागद पूर्ण उलगडून, चार कोपऱ्यांना चार वजनं ठेवून, स्टुलावर उभं राहून वरून फोटो काढला. आधी एक बाजू, मग कागद उलटून दुसरी. मग आतला कागद. मग त्याच्या आतला. चार कागदांचे आठ फोटो. एका फोटोत दोन पानं, कुठे सावली नाही, कुठे सुरकुती नाही. फोटो गेले की कागद पुन्हा एकात एक घालून तेच तीन टाके त्याच भोकांतून घालायचे आणि वही होती तशी करून नातीच्या उशाशी ठेवायची. तोवर ती औषधाच्या गुंगीत डुलकी घेत असायची. तिला पत्ताही लागायचा नाही.

बाईंचा निरोप आला, फोटो आता फार छान येतात. बाइंडरने तो लेकीकडून तीन वेळा वाचून घेतला.

त्याच सुमाराला दुसरं ऑपरेशन झालं. पोर आठवडाभर दवाखान्यात होती, परत आली ती पांढरीफटक पडून. पण तिसऱ्या दिवशी वही मागितली. आणि इथूनच घसरण लागली. आधी ‘चांगले’ होतं ते ‘ठीक’ झालं, मग ‘लक्ष द्यावे’. वही परत यायचा प्रश्न नव्हता. यायचा तो नुसता शेरा. लेकीला वाटलं, औषधांनी डोकं जड होत असेल. डॉक्टर म्हणाले, असं होऊ नये. बाइंडर उशाशी वही उघडून बघायचा. अक्षर वळणदार, रीत एकाखाली एक. त्याला काय कळणार म्हणा, पण चुकीचं काही दिसत नव्हतं.

‘‘मला वाटतं बरोबर आहे,’’ नात म्हणायची, ‘‘पण बाई नाही म्हणतात.’’ पुढे पुढे तेही म्हणेनाशी झाली. वर्गात बाईंनी विचारलं तरी माइक उघडायची नाही. आधी सर्वांत आधी हात वर करणारी पोर आता कॅमेऱ्यासमोरून जराशी बाजूला सरकून बसायची, अर्धंच तोंड दिसेल अशी. मैत्रिणीचा निरोप ऐकायचाही तिने बंद केला. बाइंडर जास्त हळू घड्या घालायचा, जणू त्याच्या कागदानेच काही बिघडत होतं.

मग एक लांबलचक शेरा आला. लेकीने डेपोतून आल्या आल्या उभ्यानेच वाचला. मुलीच्या मांडणीत सलगपणा नाही. उत्तर आधी येते, रीत मागाहून. एका उदाहरणात मध्येच दुसरे सुरू होते. उत्तरे मात्र बरोबर असतात, त्यामुळे घरातील मोठी माणसे उत्तरे सांगत असावीत अशी शंका येते. तसे करू नये. शनिवारी सकाळी मुख्याध्यापिकांसमोर बोलू, मुलीला एक वर्ष मागे ठेवावे असे आमचे मत झाले आहे.

‘‘बाबा, तुम्ही उत्तरं सांगता?’’

‘‘मी?’’ बाइंडर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्यावर गणित येत असल्याचा आळ घेतला होता. एरवी तो खदखदून हसला असता. ‘‘अगं, मला पाव आणि अर्धा कळतो. त्यापुढचा अपूर्णांक माझ्या डोक्यात कधी शिरलाच नाही.’’

आतून नातीच्या रडण्याचा आवाज येत होता. उशीत तोंड घालून ती रडत होती, म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं.

शनिवारी लेकीने रजा टाकली. पलंगावर पाठीला दोन उशा लावून नात बसली, शेजारी तिची आई, समोर पुठ्ठ्याच्या स्टँडवर फोन. बाइंडर नेहमीच्या स्टुलावर, कॅमेऱ्याच्या बाहेर. त्याने धुतलेला सदरा घातला होता, दिसणार नव्हता तरी.

मुख्याध्यापिका पिकल्या केसांच्या, चष्मा कपाळावर ठेवणाऱ्या. बोलत मात्र गणिताच्या बाईच होत्या, आणि त्यांनाही ते जड जात होतं हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

‘‘मी फोटोच दाखवते,’’ त्या म्हणाल्या. काचेवर बाइंडरचा फोटो आला. लख्ख, सपाट, चार कोपऱ्यांना चार वजनं. ‘‘हा बघा पहिला फोटो. डाव्या पानावर काय आहे? ‘म्हणून टाकीत एक अष्टमांश पाणी उरले.’ हे शेवटच्या उदाहरणाचं उत्तर. सुरुवातीलाच! आणि उजव्या पानावर पहिलं उदाहरण. दुसरा फोटो. डावीकडे पहिल्या उदाहरणाचा पुढचा भाग, आणि शेजारी परत त्या टाकीचं काहीतरी. तिसरा. डावीकडे ना आगा ना पीछा, उजवीकडे दुसरं उदाहरण. दर आठवड्याला हे असंच. आता मी यातून काय समजायचं?’’

‘‘बरोबरच आहे की,’’ बाइंडर म्हणाला.

मनातल्या मनात म्हणायचं होतं, तोंडून निघून गेलं.

‘‘कोण बोललं?’’ मुख्याध्यापिकांनी चष्मा खाली घेतला.

आता लपण्यात अर्थ नव्हता. बाइंडरने वाकून आपलं तोंड फोनसमोर आणलं, जरा जास्तच जवळ. त्यांना त्याची एक भुवई आणि कान दिसला असावा.

‘‘मी हिचा आजोबा. फोटो मीच काढतो. अगदी बरोबर लावलेत बाई, एकही कागद इकडचा तिकडे नाही. आता तुमच्याकडे घडी घातली की झालं.’’

‘‘कसली घडी?’’

‘‘कागदाची. सोळाचं पान एकाच्या शेजारीच येणार. उलगडल्यावर ते तसंच दिसतं. छापखान्यातून आमच्याकडे असेच तर येतात कागद. आम्ही घडी घालतो, मग पानं आपापल्या जागी बसतात.’’ तो थांबला. पलीकडे दोघी नुसत्या बघत होत्या. ‘‘म्हणजे... तुमच्याकडे घडी घालत नाहीत?’’

लेकीने कपाळावर हात मारला. ‘‘बाबा! फोटो आहेत ते. फोटोची घडी कोण घालणार?’’

बाइंडर परत स्टुलावर बसला. एक्केचाळीस वर्षं कागद त्याच्याकडे उलगडून आले होते आणि त्याने घडी घातली होती. उलगडून पाठवलेल्या कागदाला पलीकडचा माणूस घडी घालणार, यात विचार करण्यासारखं काही असतं हेच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याला सगळं एकदम दिसलं. ‘ठीक’ दिसलं, ‘लक्ष द्यावे’ दिसलं, कॅमेऱ्यापासून बाजूला सरकणारी पोर दिसली. औषध नव्हे, ऑपरेशन नव्हे, ते सगळं त्याच्या हातांनी केलं होतं, चार कोपऱ्यांना चार वजनं ठेवून. इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

‘‘आबा,’’ नात म्हणाली, ‘‘चार कागद द्या.’’

त्याने दिले. तिने उतरत्या मेजावर चारही कागदांना घड्या घातल्या, एकात एक ठेवले, आणि पेन्सिलीने पानांवर आकडे टाकत गेली, एकपासून सोळापर्यंत. मग वही सोडवली आणि बाहेरचा कागद उलगडून कॅमेऱ्यासमोर धरला. डावीकडे सोळा, उजवीकडे एक.

‘‘असं झालंय, बाई,’’ ती म्हणाली. कित्येक आठवड्यांनी ती बाईंशी बोलत होती. आवाज घोगरा येत होता.

बाईंच्या चेहऱ्यावर आधी काही उमटेना, मग एकदम उमटलं. ‘‘अगं बाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण माझ्याकडे सात आठवड्यांचे फोटो आहेत. त्यांच्यावर पानांचे आकडे नाहीत. कुठलं पान कुठलं, हे मी कसं लावू?’’

नातीने मान खाली घातली. एकेक कागद उलटसुलट करून बघू लागली. सोळा आणि एक. दोन आणि पंधरा. चौदा आणि तीन. चार आणि तेरा. जिभेचं टोक बाहेर आलं. बाइंडरला ते टोक किती दिवसांनी दिसत होतं. आई काही सांगायला गेली, तिने हाताने थांबवलं.

‘‘सतरा,’’ ती म्हणाली.

‘‘काय सतरा?’’

‘‘कुठलाही फोटो घ्या, दोन्ही पानांची बेरीज सतराच येते. आणि फोटो जितकावा, त्यात तितकावं पान असतं. पाचव्या फोटोत पाचवं. मग दुसरं सतरातून पाच गेले, बारावं. एक, तीन, पाच असली पानं उजवीकडे, दोन, चार, सहा असली डावीकडे.’’

बाईंनी फोटो एकेक करून बघायला सुरुवात केली. त्या पुटपुटत होत्या. ‘‘पहिला, उजवीकडे. दुसरा, डावीकडे... हो, इथे पुढे चालू आहे. तिसरा, उजवीकडे... हो.’’ आठव्या फोटोनंतर त्या उलट्या फिरल्या. नऊ, दहा, अकरा. टाकीचं उदाहरण सुरू झालं, टाकी भरत गेली, रिकामी होत गेली आणि सोळाव्या पानावर एक अष्टमांश पाणी उरलं. ‘‘सलग आहे,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘सगळं सलग आहे.’’

‘‘पण सतराच का ग?’’ मुख्याध्यापिकांनी विचारलं. त्या आता खुर्चीच्या टोकावर येऊन बसल्या होत्या.

‘‘कारण एक पान पुढे गेलं की त्याच्या जोडीचं एक मागे येतं,’’ नात म्हणाली. ‘‘इकडे एक वाढला, तिकडे एक कमी झाला. मग बेरीज कशी हलणार?’’

‘‘आणि वही आठ कागदांची असती तर?’’

‘‘बत्तीस पानं. म्हणजे तेहतीस.’’

‘‘शंभर कागदांची?’’

नातीने डोळे मिटले, उघडले. ‘‘चारशे एक.’’

हृदयाच्या लाख ठोक्यांचं बाइंडरला नवल वाटलं होतं, पण ते बाईंनी सांगितलं होतं, बाईंना पुस्तकाने. हे कोणी सांगितलं नव्हतं. हे त्या पोरीने आत्ता, त्याच्या डोळ्यांसमोर, चार कोऱ्या कागदांतून काढलं होतं. आणि ते त्या कागदांत होतंच. पहिल्या दिवसापासून होतं.

गणिताच्या बाईंनी नेमका तोच प्रश्न विचारला. ‘‘हे तुला कोणी सांगितलं?’’

बाइंडर स्टुलावरून उठला. या वेळी त्याने तोंड नीट समोर आणलं, पूर्ण दिसेल असं. डोळे भरून आले होते, पुसायचं त्याला सुचलं नाही.

‘‘बाई, माझ्यावर शंका आहे तुमची, म्हणून सांगतो,’’ तो म्हणाला. ‘‘मी नाही सांगितलं. मला ठाऊकच नव्हतं. एक्केचाळीस वर्षं मी हेच करतोय, लाखांनी कागद उलगडलेत, लाखांनी घड्या घातल्यात, आणि मला एकदाही दिसलं नाही. मला आत्ता कळलं. तुमच्याबरोबर.’’

मुख्याध्यापिकांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. म्हणाल्या, ‘‘माझी पडताळणी झाली. पुढच्या वर्षी ही आपल्याच वर्गात, आपल्याच बाकावर.’’ आणि गणिताच्या बाई कॅमेऱ्यात बघून नातीला म्हणाल्या, ‘‘माझं चुकलं ग. मी दोनदा बघायला हवं होतं.’’

लेक तोंडावर पदर धरून बाहेरच्या खोलीत निघून गेली. नात मात्र रडली वगैरे नाही. तिने फोन उचलला आणि मैत्रिणीचा तो निरोप लावला. तुझी जागा मी कोणाला देत नाही. लागोपाठ चार वेळा ऐकला.

रविवारी बाइंडरने कामाला हात लावला, पण कामात मन लागेना. छापखान्याच्या कागदाला तीन घड्या पडतात, एका कागदात सोळा पानं. त्याला फर्मा म्हणतात. बाइंडरने फर्मा उलगडला, शेजारशेजारच्या पानांची बोटांवर बेरीज केली. सतरा. दुसरी जोडी, सतरा. आठही जोड्या सतरा. तो उठून आत गेला. ‘‘बाईसाहेब, दुसऱ्या फर्म्यात किती येईल? सतरापासून बत्तीसपर्यंत पानं असतात त्यात.’’ नात वर न बघता म्हणाली, ‘‘एकोणपन्नास.’’ त्याने बाहेर येऊन ताडून पाहिलं. परत आत गेला. ‘‘तिसऱ्यात?’’ ‘‘एक्याऐंशी. आबा, आता तुम्ही करा ना.’’ चौथ्या फर्म्याला त्याने कागद-पेन्सिल घेतली. अर्धा तास लागला. एकशे तेरा. त्याने फर्मा उलगडला तेव्हा पानांवर काय निघेल ते त्याला आधीच ठाऊक होतं. छातीवर हात ठेवून तो तसाच बसून राहिला.

सोमवारी हातगाडीवाला गठ्ठे न्यायला आला. बाइंडर मेजाशी बसला होता आणि समोर जेमतेम अर्धा गठ्ठा तयार होता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

‘‘काय हो, तब्येत बरी आहे ना?’’ हातगाडीवाला म्हणाला.

‘‘बस जरा,’’ बाइंडर म्हणाला. ‘‘तुला एक गंमत दाखवतो. यातला कुठलाही कागद उचल.’’

‘‘अहो, गाडी रस्त्यात उभी आहे.’’

‘‘राहू दे. उचल.’’

हातगाडीवाल्याने एक उचलला. बाइंडरने त्याला शेजारची दोन पानं दाखवली आणि बेरीज करायला लावली. हातगाडीवाला ओठ हलवत मोजू लागला. सतरा. मग खालची जोडी. पुन्हा सतरा. त्याने कागद उलटा केला, वास घ्यावा तसा नाकाशी नेला, आणि बाइंडरकडे पाहिलं.

‘‘हे तुम्ही केलंत?’’

बाइंडर काही बोलणार इतक्यात आतून बाईंचा प्रश्न ऐकू आला, आणि लगेच माइक उघडल्याचा तो बारीक आवाज. मग नातीचा आवाज, खणखणीत. ती कोणत्या तरी अपूर्णांकाची रीत सांगत होती, पायरी पायरीने, पहिल्यापासून.

बाइंडरने हात वर करून हातगाडीवाल्याला थांबवलं. कागद अजून त्याच्या हातात उलगडलेला होता, आणि तो वाजू नये म्हणून दुसरं टोक बाइंडरने उठून धरलं. दोघं तसेच उभे राहिले, तिचं सांगून होईपर्यंत.